एकदा मारलेली खूण

निकाल आला तो शुक्रवारी, ऐन जेवणाच्या वेळी. सांता ओतिलियाचा नगराध्यक्ष एपिफानिओ ताफोया तेव्हा नगरपालिकेच्या मागच्या पायरीवर बसून फावड्याच्या पात्याला कानस मारत होता. दुसऱ्या दिवशी मधल्या पाटाची सफाई होती. थंडी ओसरली, पण नदीचं पाणी अजून पाटात सोडलेलं नाही, अशा दिवसांत पाटाच्या प्रत्येक वाटेकऱ्यानं एक माणूस आणि एक फावडं द्यायचं, हा त्या खोऱ्यातला फार जुना रिवाज. एपीचं (एपिफानिओ असं पूर्ण नाव फक्त पाद्री घ्यायचा) पाटावर सफरचंदांचं एक लहानसं रान होतं, म्हणजे तोही वाटेकरी. खटला सुरू झाल्यापासून तो स्वतः न जाता रोजानं गडी पाठवायचा. यंदा गडीच म्हणाला होता, "साहेब, फावडं मारायला माझी ना नाही. पण तिथं तुमच्या वाटचे टोमणे मला ऐकावे लागतात. त्याचे वेगळे पैसे द्या, नाहीतर तुम्ही जा."

खिशात फोन वाजला. नगरपालिकेची वकील ग्रेचेन होलब्रुक सांता फेहून बोलत होती.

"हरलो," ती म्हणाली. आडवळणानं बोलायची तिला सवय नव्हती, आणि एपीला ती त्याचसाठी आवडायची.

"सगळंच?"

"सगळंच. तिघा न्यायाधीशांचं एकमत. खालच्या कोर्टाचा निकाल कायम. आणि एपी, एक सांगते, रागावू नका. निकालात तुमचंच वाक्य आहे."

एपीनं कानस खाली ठेवली. कुठलं वाक्य ते त्याला न विचारताच समजलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी, तो नगराध्यक्ष नव्हता तेव्हा, गोल्फचं मैदान काढायला निघालेला कुणी एक माणूस पाटावरच्या जमिनी त्यांच्या पाण्यासकट विकत घेत फिरत होता. जमिनी पडीक टाकायच्या आणि पाणी तेवढं उचलून न्यायचं, असा त्याचा बेत. तेव्हा वाटेकऱ्यांच्या बैठकीत एपीच उभा राहिला होता. "पाटाचं पाणी पाटाला विचारल्याशिवाय पाटाबाहेर जायचं नाही," असं म्हणून त्यानं ठराव मांडला, तो सगळ्यांनी हात वर करून पास केला, आणि पाटाच्या नियमांत हेच शब्द जसेच्या तसे गेले. गोल्फवाला निघून गेला. नियम राहिला.

पुढे एपी नगराध्यक्ष झाला. गावात घरं नव्हती. दवाखान्यातल्या आया, शाळेची बस चालवणारे, तरणी जोडपी, सगळी पत्र्याच्या फिरत्या घरांत राहायची आणि हिवाळ्यात त्यांचे नळ गोठायचे. एपीनं चाळीस घरांची वसाहत बांधायचं वचन दिलं. जमीन मिळाली, पैसा मिळाला, पाणी मिळेना. गावाच्या विहिरीवर आणखी घरं घालायची तर कुठून तरी पाण्याचा हक्क आणणं भाग होतं. तेवढ्यात डेन्व्हरला जाऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबानं मधल्या पाटावरचा आपला हक्क विकायला काढला. नगरपालिकेनं तो घेतला आणि पाटाला विचारलं, कारण नियमच तसा होता. पाटानं नाही म्हटलं. एवढं पाणी काढून घेतलं तर उरलेल्याला शेवटच्या शेतापर्यंत जायला जोर राहणार नाही, असं पाटाचं म्हणणं. मग नगरपालिका कोर्टात गेली, हरली, वरच्या कोर्टात गेली, आणि आता तिथंही हरली.

"शेवटचा परिच्छेद वाचून दाखवू?" ग्रेचेननं विचारलं.

"वाचा."

"'वाद कुठेतरी संपावा लागतो. ज्याला हा शेवट चुकीचा वाटतो, त्याच्यासाठीही तो संपावा लागतो.'"

"बोलायला यांचं काय जातं?" एपी म्हणाला. "चाळीस कुटुंबांना तोंड मला द्यायचंय."

"अजून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज करता येईल. मुदत महिन्याची आहे. ते ऐकायला घेतीलसं मला वाटत नाही. माझी फी बुडतेय तरी सांगते."

एवढ्यात नगरसेवक वेन्सेस्लाओ बरेला मागच्या दारातून बाहेर आला. वेन्स घरं बांधायच्या धंद्यातला. वसाहतीचं काम त्याच्या भाच्याला मिळायचं होतं, आणि हे तो लपवतही नसे. फोनवरचं निम्मं त्यानं दारामागून ऐकलंच होतं. त्यानं एपीच्या हातातून फोन घेऊन स्पीकर लावला.

"ग्रेचेन, आपण नाही, माझ्या भाच्याच्या कंपनीनं तोच हक्क विकत घेतला आणि नव्यानं अर्ज केला तर? नाव वेगळं, अर्ज वेगळा, खटला वेगळा."

ग्रेचेन म्हणाली, "नाव वेगळं असलं तरी पाणी तेच आहे. कोर्ट म्हणेल, हे एकदा ठरलंय. पण ते म्हणायला कोर्टाला वर्ष दीड वर्ष लागेल."

"आणि तेवढ्यात पाटवाले नवा वकील कुठून आणणार? गेल्या खेपेला चर्चच्या मागं जेवणाच्या बशा विकून आणला. आता किती बशा विकतील?" वेन्स हसला. "आपल्याला जिंकायचं नाहीच एपी, त्यांना दमवायचंय. दमले की येतील बोलायला."

चर्चमागच्या त्या बशांमधल्या लाल मिरचीच्या एन्चिलादा एपीनं स्वतः जाऊन खाल्ल्या होत्या. पाटाच्या वकिलासाठी ट्रकभर सरपणाची सोडत निघाली तेव्हा तिकिटंही घेतली होती. स्वतःविरुद्धच्या खटल्याला वर्गणी देणारा नगराध्यक्ष म्हणून गावानं त्याची पोटभर थट्टा केली. सोडतीत सरपण त्याला लागलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

"सोमवारी बैठकीत ठेवू," एपी म्हणाला.

"ठेवू काय? चार नगरसेवकांत दोन तिकडे, दोन इकडे. मत तुलाच टाकायचंय. आत्ताच सांग."

"सोमवारी," एपी पुन्हा म्हणाला आणि त्यानं कानस उचलली.

खरं तर त्याचा कल वेन्सकडेच होता. घरी जाताना तो वसाहतीच्या मोकळ्या जागेवरून गेला. आखणीच्या खुंट्यांना बांधलेली लाल फडकी वाऱ्यात हलत होती. या खुंट्यांसाठी दुसऱ्या कुणाला थोडं दमवलं तर काय मोठंसं पाप आहे, असं त्याच्या मनात आलं. फक्त ते दुसरं कुणी म्हणजे रोमुआल्दा कासियास होती, एवढीच अडचण.

रोमुआल्दा मधल्या पाटाची पाटकरीण. पाणी कुणाला, कधी, किती वेळ, हे ती ठरवायची. आठवड्याचे चार दिवस ती जिल्ह्याच्या इस्पितळात एक्स-रे काढायची आणि उरलेले दिवस पाटाच्या कडेनं चालायची. शाळेत ती आणि एपी एकाच बाकावर बसत. एपीच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला रोमुआल्दानं धर्ममाता म्हणून पोरीला हातांवर घेतलं, तेव्हापासून ती दोघं कोम्पाद्रे आणि कोमाद्रे झाली. त्या खोऱ्यात हे नातं रक्ताच्या नात्याइतकं जपतात. शाळेतलं 'तू' त्याच दिवशी गेलं आणि 'तुम्ही' आलं. खटल्यातही ते सुटलं नाही. उलटतपासणीत ग्रेचेननं विचारलं होतं, "नगराध्यक्षांना तुम्ही ओळखता?" रोमुआल्दा म्हणाली होती, "माझे कोम्पाद्रे आहेत. भला माणूस आहे. या बाबतीत चुकलेत." कोर्टात हशा पिकला, आणि सगळ्यांत मोठ्यानं एपीच हसला.

शनिवारी सकाळी पाटाच्या तोंडाशी मंडळी जमली तेव्हा गवतावर दहिवर होतं आणि तोंडातून वाफा निघत होत्या. फेट्यासारखे गुंडाळलेले जुने मफलर, फाटकी जाकिटं, खांद्यावर फावडी. एपीला पाहून म्हातारा डॉन सिप्रियानो (वडीलधाऱ्यांना तिथं मानानं 'डॉन' म्हणतात), ज्याचं शेत पाटाच्या अगदी शेपटाला होतं, पुढं आला.

"ये रे बाबा, ये. आम्ही म्हटलं, तू पाटाला नोटीस पाठवून येशील."

"नोटिशीचा कागद फावड्याला गुंडाळलाय, डॉन सिप्रियानो. थंडीत धरायला बरा पडतो."

"न्यायाधीशांनी तुझंच ऐकलं म्हणे?"

"माझंच ऐकलं. तरी मी हरलो. असं भाग्य कुणाला मिळतं?"

लोक हसले आणि त्याच्यासाठी जागा झाली. निकालाबद्दल पुढं कुणी चकार शब्द काढला नाही. सफाईच्या दिवशी पाटात कोर्टकचेरी काढायची नाही, असा संकेत होता. एपीला तो माहीत होता, पण स्वतःला त्याची इतकी गरज पडेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

रोमुआल्दा हातात विलोच्या लाकडाची मापाची काठी घेऊन पुढं निघाली. पाटाच्या कोरड्या तळात काठी टाकायची, पुढं सरकायचं, पुन्हा टाकायची, आणि ठरलेलं अंतर झालं की बुटाच्या टाचेनं आडवी रेघ ओढायची. दोन रेघांच्या मधला तुकडा एका माणसाचा. तळाचा गाळ काढायचा, कडा तासायच्या, मुळं तोडायची. सगळ्यांचे तुकडे झाले की ती ओरडायची, "वुएल्ता!" आणि सगळी रांग पुढच्या कोऱ्या भागात सरकायची. असं करत करत संध्याकाळपर्यंत पाटाच्या शेपटापर्यंत पोचायचं.

सकाळची पहिली दोन आवर्तनं बरी गेली. एपीच्या हाताला फोड आला, पण तो त्यानं कुणाला दाखवला नाही. तिसऱ्या आवर्तनात पाट एका म्हाताऱ्या कॉटनवूडच्या झाडाला वळसा घालून जातो, तिथला तुकडा त्याच्या वाट्याला आला. त्यानं बराच वेळ काम केलं. मान वर करून पाहिलं तर आजूबाजूच्यांचं निम्मं झालेलं, आणि आपलं अजून पाऊणहून जास्त बाकी. शिवाय त्यात झाडाचं मांडीएवढं मूळ. त्यानं दोन्ही रेघांकडे नीट पाहिलं. तुकडा लांब होता. चांगला दीड काठीनं लांब होता.

शेजारचा बेनितो सालाझ काय ते ओळखून गालात हसला. "अपिलाचा खर्च लावला असेल रे त्यात."

एपीच्या डोक्यात रक्त चढलं. सकाळपासून जे हसून गिळलं ते आता त्याला गिळवेना. तो फावडं टेकवून काठावर चढला.

"कोमाद्रे!"

रोमुआल्दा वरच्या अंगाला उभी होती. ती चालत आली.

"ही खूण चुकलीय," एपी म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा चढा निघाला. दोन्हीकडची फावडी थांबली.

रोमुआल्दानं वाद घातला नाही. ती पाटात उतरली, काठी टाकत टाकत वळणातून गेली, आणि दुसऱ्या रेघेशी जाऊन उभी राहिली. वळणावर आपण तळातून न मोजता आतल्या काठानं मोजलं, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं तोंड वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चुकलीय. माझी चूक आहे. कोम्पाद्रेंना दीड काठी जास्त गेलीय."

"मग सरकवा," एपी म्हणाला.

"नाही."

"नाही म्हणजे? चुकलीय म्हणालात ना आत्ताच?"

"म्हणाले. चुकलीच आहे." तिनं काठीनं पाटाच्या खालच्या अंगाला दाखवलं. तिथं वाकलेल्या पाठींची रांग लांबवर गेली होती. "तुमची रेघ सरकवली की बेनितोची सरकते. बेनितोची सरकली की त्याच्या पुढच्याची. बेनितोनं आपलं म्हणून खणलेलं शेवटचं त्या पुढच्याचं होतं, आणि त्याला वरच्या अंगाला पुन्हा नव्यानं खणायला लागतं. असं रांगेच्या शेवटापर्यंत. आणि एकदा एक रेघ हलली की प्रत्येकजण काठावर चढून म्हणणार, माझीही मोजा. मोजेन मी. दिवसभर मोजेन. मग खणणार कोण? परवा पाणी सुटायचंय."

"म्हणजे तुमची चूक मी भरायची."

"नाही," रोमुआल्दा म्हणाली. तिनं जाकीट काढून झुडपावर टाकलं, बेनितोच्या मागं पडलेलं एक जादा फावडं उचललं आणि ती एपीच्या तुकड्यात, मुळापाशी उतरली. "माझी चूक मी भरायची. रेघ आहे तिथं राहील."

पाटकरी खणत नाही. हा काही नियम नव्हता, पण कुणी कधी पाहिलेलंही नव्हतं. पाटकऱ्यानं रेघ मारायची, ओरडायचं, आणि संध्याकाळी शिव्या खायच्या. बेनितोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. कुणीतरी "अहो बाई, मी करतो," म्हणून पुढं आला, तर तिनं त्याला त्याच्या तुकड्यात परत पाठवलं.

ती मुळावर घाव घालू लागली. तिला सवय नव्हती हे पहिल्या दोन घावांतच दिसलं. पातं मुळावरून घसरायचं. पण ती थांबायची नाही. एपी काही वेळ काठावरच उभा राहिला. रागाला धरायला काहीच उरलं नव्हतं. तो खाली उतरला आणि मुळाच्या दुसऱ्या बाजूनं त्यानं सुरुवात केली.

"असं नका मारू, कोमाद्रे. तिरपं मारा."

"तिरपंच मारतेय. मूळ सरळ आहे."

दोघांनी मिळून बराच वेळ त्या मुळावर घाव घातले. एपीच्या मनात काल ग्रेचेननं वाचलेलं ते वाक्य घोळत होतं. काल ते त्याला खुर्चीत बसून लिहिलेलं वाटलं होतं. आता त्या वाक्याला रांग होती, पाठी होत्या, अर्धवट खणलेले तुकडे होते. शेवटी तो न राहवून म्हणालाच.

"तुम्ही विचारलं नाहीत, आम्ही पुढं जाणार का ते."

"पाटात कोर्ट काढायचं नाही."

"मी काढतोय."

रोमुआल्दानं फावड्यावर हात टेकले. ती धापा टाकत होती. "मग विचारा काय विचारायचंय ते."

"न्यायाधीशांचंही चुकलं असेल, असं कधी मनात येतं तुमच्या?"

"येतं की. मी जिंकले म्हणून मला ते बरोबर वाटतात. त्या घरांत राहायला जाणारी माणसं माझ्या इस्पितळात कामाला आहेत, कोम्पाद्रे. रोज दिसतात मला. त्यांना घरं नकोत असं मी कुठं म्हटलं?"

"आणि आम्ही जिंकलो असतो तर? तुम्ही गेला असतात पुढं?"

"नाही."

"हे आता म्हणायला सोपं आहे."

"डॉन सिप्रियानोला विचारा. खालच्या कोर्टात जायच्या आधीच आम्ही बसून ठरवलं होतं. वरचं कोर्ट काय म्हणेल ते शेवटचं. हरलो तर पाणी सोडायचं. रडत सोडलं असतं, तुम्हाला शिव्या देत सोडलं असतं, तुमच्या पोरीच्या लग्नाला आले नसते. पण सोडलं असतं." तिनं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. "डॉन सिप्रियानो सगळ्यांत शेवटी हो म्हणाला. पाणी कमी झालं तर पहिलं त्याचंच शेत वाळणार होतं ना. तरी म्हणाला."

एपीनं खालच्या अंगाला पाहिलं. म्हातारा डॉन सिप्रियानो आपल्या तुकड्यात वाकून हळूहळू गाळ उपसत होता, आणि दर थोड्या वेळानं कंबर धरून उभा राहत होता. त्याच्या शेतापर्यंत पाणी नेणारा हा पाट, आणि तो पणाला लावायला हा माणूस तयार झाला होता. एपी नगराध्यक्ष होता, त्याच्यामागं वकील होती, दप्तर होतं, आणि त्याला मात्र शुक्रवारपासून हे धैर्य होत नव्हतं. त्याला कुणी लाजवत नव्हतं. रोमुआल्दाच्या बोलण्यात तर टोमण्याचा लवलेश नव्हता. त्यामुळंच ते त्याला जास्त लागलं.

मूळ सुटलं. दोघांनी ते ओढून काठावर टाकलं. रोमुआल्दानं वर चढून जाकीट घातलं, हात झटकले, आणि नेहमीसारखी खणखणीत ओरडली, "वुएल्ता!"

दुपारी काठावर बसून सगळ्यांनी चांदीच्या कागदात गुंडाळलेले बुरितो खाल्ले. बटाटा आणि हिरवी मिरची. बेनितोनं एपीला आपल्या थर्मासमधली कॉफी दिली. "घे. खणायला पाटकरीण मिळाली तुला. आम्हाला एवढ्या वर्षांत कधी नाही मिळाली. पुढल्या वर्षी मीही अपिलात जातो."

"जा," रोमुआल्दा पलीकडून म्हणाली. "तुमचं मूळ मी तोडणार नाही."

सोमवारी संध्याकाळी नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. वसाहतीसाठी नावं दिलेली माणसं आली होती, कामाच्या कपड्यांतच, काहींच्या मांडीवर पोरं झोपलेली. ग्रेचेन होलब्रुक सांता फेहून गाडी चालवत आली होती. वेन्सनं दोन्ही वाटा मांडल्या, सर्वोच्च न्यायालयात अर्ज, किंवा भाच्याच्या कंपनीच्या नावानं नवा दावा. तो चांगलं बोलला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मत घेतलं, दोन इकडे, दोन तिकडे. सगळे एपीकडे बघू लागले.

एपीला भाषण येत असे, पण त्या दिवशी त्यानं ते केलं नाही.

"माझं मत विरोधात," तो म्हणाला. "दोन्ही वाटांच्या. निकाल लागलाय. नगरपालिका तो मानते."

मग वेन्स उठला. "तू नगराध्यक्ष कुणाचा आहेस? गावाचा की पाटाचा? शनिवारी दोन टोपल्या गाळ काढलास आणि पाघळलास?"

"पाघळलो असेन," एपी म्हणाला. "वेन्स, कोर्टानं आपलं पूर्ण ऐकलं. दोनदा ऐकलं. आपली बाजू मांडायला ग्रेचेनपेक्षा चांगली वकील या राज्यात नाही. आता फक्त समोरच्याचे पैसे आपल्या आधी संपतील म्हणून पुढं जायचं? मग उद्या आपल्यापेक्षा श्रीमंत कुणी आला की तो आपल्याला असाच दमवेल. गावाच्या विहिरीवर दावा लावेल, हरेल, पुन्हा लावेल. तेव्हा आपण कुठल्या तोंडानं म्हणणार, की अरे, हे तर ठरलंय?"

"निवडणुकीत हे बोल."

"बोलेन. पडेन बहुतेक."

ग्रेचेननं समोरचे कागद गोळा करायला सुरुवात केली. उठताना ती एपीजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "मी तुमची वकील आहे, त्यामुळं हरल्याचं दुःख मला व्हायला हवं. होतंय. पण हे पाहायला मी इतक्या लांब आले याचं वाईट वाटत नाही."

बैठक संपली तरी लोक उठले नाहीत. एपीही उठला नाही. व्यासपीठावरून उतरून तो पहिल्या रांगेच्या समोर एक खुर्ची ओढून बसला. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्यावं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. लोक म्हणाले. कुणी म्हणालं, तुम्ही फसवलंत. कुणी म्हणालं, मत मागायला याल तेव्हा बघू. तो ऐकत राहिला. "हो, वचन मी दिलं होतं," एवढंच त्यानं प्रत्येकाला सांगितलं. "पाटाचं पाणी येणार नाही. हे आता नक्की आहे. येईल अशी आशा मी तुम्हाला ठेवू देणार नाही."

मागच्या रांगेतून देल्फिना ओर्नेलास उभी राहिली. इस्पितळात रात्रपाळीची आया. अंगावर निळे कपडे, हातात गाडीच्या किल्ल्या. ती कामावर निघाली होती आणि तिला उशीर होत होता.

"नक्की आहे ना?" तिनं विचारलं. "म्हणजे पुन्हा काही वर्ष दीड वर्ष थांबायला नाही ना सांगणार?"

"नाही. संपलं ते."

"बरं झालं," ती म्हणाली. लोकांनी माना वळवल्या. "गेली तीन वर्षं कुणाला काहीही सांगायला जावं, तर एकच उत्तर. खटल्याचं होऊ दे. रस्त्याचं? खटल्याचं होऊ दे. दिव्याचं? खटल्याचं होऊ दे. आता खटला नाही ना? मग माझ्या दारासमोर नगरपालिकेची पाइपलाइन फुटलीय, ती बघा. दोन उन्हाळे तिथं चिखल आहे. शेजाऱ्याची बदकं पोहतात त्यात. आणि तुम्ही पाणी शोधत सांता फेला जाता."

सभागृहात प्रथम कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग कुणीतरी हसलं, आणि आणखी कुणी म्हणालं, "आमच्या गल्लीतही आहे," आणि तिसरं कुणी म्हणालं, शाळेच्या मागं तर हिवाळ्यात बर्फाची घसरगुंडीच होते.

एपीनं वेन्सकडे पाहिलं. वेन्स दाराशी कोट चढवत होता. घरं बांधणारा माणूस तो, गावातला कुठला नळ कुठून गेलाय ते त्याच्याइतकं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तोंड वाकडं केलं, पण दार उघडलं नाही.

"चाळीस घरांचं पाणी गळतीतून निघणार नाही," तो म्हणाला.

"नाही निघणार."

"दहाचं निघेल फार तर."

"दहाचं तर दहाचं," एपी म्हणाला.

वेन्सनं कोटाचं बटण लावता लावता थोडा विचार केला. "ती लाइन माझ्या बापानं घातलेली आहे," तो म्हणाला. "तिचा कॉक कुठे पुरलाय ते नकाशात सापडणार नाही तुम्हाला."

"गाडीत टॉर्च आहे?"

"आहे."

देल्फिना किल्ल्या वाजवत दाराशी उभी होती. "यायचं असेल तर माझ्या मागून या, घर इस्पितळाच्या वाटेवरच आहे," ती म्हणाली. "आणि बूट जुने घाला."

एपीनं आपल्या बुटांकडे पाहिलं. बैठकीसाठी म्हणून घातलेले नवे होते. त्यानं खांदे उडवले, खुर्ची जागेवर सरकवली आणि तो तिच्या मागून निघाला. वेन्स कुरकुरत गाडीतून टॉर्च काढायला गेला.